एक्के हरले म्हणजे लबाडी नव्हे

महोदय,
ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद होईपर्यंत मी रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर पोकर (पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) खेळायचो. हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, तरी नंतर उघडणाऱ्या सामाईक पानांमुळे शंभरात साधारण १८ वेळा राजे जिंकतात. हे गणित आहे, लबाडी नव्हे. (मीही तेव्हा फोन सोफ्यावर आपटलाय!) खरी लबाडी वेगळी. २००७ मध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट पोकर' या संकेतस्थळावर एका खात्याला सगळ्यांची पानं दिसत होती. ती चोरी खेळाडूंनीच डावांच्या नोंदी चाळून पकडली. आमच्या टेबलावर दोघं कायम जोडीने बसायचे, एकमेकांवर कधीच रेझ (पैज वाढवणं) नाही, म्हणजे संगनमताचा संशय. तक्रार केली, तर 'तपास सुरू आहे' एवढंच उत्तर. आता अ‍ॅपच बंद. त्या नोंदी मागायच्या कुणाकडे?

– एक वाचक, सिडको, नाशिक