शोध शिकवायचा तर आधी प्रश्न हवा

संपादक महोदय,

नर्सिंग आणि आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहिती साक्षरता, म्हणजे हवी ती माहिती शोधून पारखायची कला, शिकवायची म्हणजे प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना तासभर ग्रंथालयात आणून कपाटे, संगणक आणि पासवर्ड दाखवायचे, अशी आपली रीत आहे. असे तास मी वर्षानुवर्षे घेत आले आहे आणि ते बहुतांशी वाया जातात, हे मला मान्य केले पाहिजे. जिने अजून वॉर्डात पाऊल ठेवलेले नाही, तिच्याजवळ शोधण्याजोगा प्रश्नच नसतो.

तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मात्र ड्यूटी संपवून थेट माझ्याकडे आली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर लाली दिसली, तर तिथे चोळायचे की नाही, असा तिचा प्रश्न होता. कारण घरी असलेल्या जुन्या पुस्तकात चोळा म्हटले होते आणि सिस्टरांनी तिला हात लावू दिला नव्हता. आम्ही पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधण्याची ऑनलाइन सूची, उघडली. तिने 'बेडसोअर' (पडून राहिल्याने होणारी जखम) असा शब्द टाकला, तेव्हा पबमेडने त्याची सांगड आपणहून 'प्रेशर अल्सर' या ठरावीक विषयसंज्ञेशी घातली होती. शोधाचा तपशील उघडून हे दाखवल्यावर आपण लिहितो तो शब्द आणि लेखांवर लावलेली संज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला एका वाक्यात कळले. त्याला 'मसाज' जोडताच यादी आटोक्यात आली आणि अशा जागी चोळल्याने नाजूक झालेल्या ऊतींना इजा होऊ शकते, म्हणून ते टाळावे, असे सांगणाऱ्या मार्गदर्शक सूचनाही पुढे आल्या. सिस्टर बरोबर होत्या, पण का बरोबर होत्या, हे तिला आता सांगता येत होते.

पुस्तकांचा असा मागासलेपणा जिवावरही बेततो. तान्ह्या बाळाला पोटावर निजवा, असा सल्ला अनेक वर्षे छापला जात होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याविरुद्ध शिफारस केली ती १९९२ मध्ये. उपलब्ध पुरावा पद्धतशीरपणे एकत्र केला असता, तर अशा निजवण्यातली बाळाच्या अचानक मृत्यूची जोखीम १९७० पर्यंतच ओळखता आली असती, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसले. पुरावा होता, तो एकत्र करून वाचणारे नव्हते.

आता उलटीच अडचण आहे. चॅटबॉटने दिलेले संदर्भ घेऊन विद्यार्थी येतात. लेखकांची नावे खरी, नियतकालिक खरे, खंड आणि पाने नीटनेटकी, फक्त तो लेख कोणी कधी लिहिलेलाच नसतो. (पहिल्या वेळी मीही अर्धी दुपार तो शोधण्यात घालवली.) यावर बंदी घालून काही साधत नाही, संदर्भातील लेखाचा ओळखक्रमांक पबमेडमध्ये टाकून पाहण्याची सवय दोन मिनिटांत लागते.

म्हणून हे तास वॉर्डातील पहिल्या पोस्टिंगनंतर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि ग्रंथपाल यांनी एकत्र घ्यावेत. असाइनमेंटमध्ये शेवटच्या संदर्भसूचीऐवजी शोधाच्या नोंदीला गुण असावेत: कोणते शब्द वापरले, किती लेख मिळाले, कोणते वगळले आणि का. इतक्या वह्या तपासायला वेळ कुठून आणायचा, असे प्राध्यापक विचारतील. निम्म्या आम्ही तपासून देऊ.

आपली विश्वासू,
एका नर्सिंग महाविद्यालयातील ग्रंथपाल