आकडा रेकॉर्डचा की ऐकण्याचा?

संपादक महोदय,

ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकावर कुठे काही छापून आले की मथळ्यात आकडा असतोच. पाच हजार रेकॉर्ड, दहा हजार रेकॉर्ड! जरा हिशेब करून पाहा. एलपीच्या, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डच्या, दोन्ही बाजू मिळून साधारण ४० मिनिटे. ५,००० एलपी म्हणजे ३,३०० तासांवर. रोज न चुकता दोन तास ऐकले तरी साडेचार वर्षे लागतील. सगळे ऐकलेच पाहिजे असे नाही, संदर्भासाठीही माणूस जमवतो. पण नाद कुठे संपला आणि साठा कुठे सुरू झाला, हे कपाट उघडले की कळते.

साठ्यात रेकॉर्ड आडव्या, एकावर एक रचलेल्या असतात. शंभर एलपी कव्हरसकट सुमारे २५ किलो भरतात. तळाच्या कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल वळ उठतो. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात आणि दर वीतभर अंतरावर आधाराची फळी द्यावी. तिरप्या राहिल्या तर वाकतात.

सीलबंद प्रतीचे तर भलतेच कौतुक. वरचे घट्ट प्लास्टिक वर्षागणिक आकसते, कव्हर आवळते आणि न वाजवलेली रेकॉर्ड आतल्या आत वाकते. पीव्हीसीची मऊ पिशवीही बाधते. तबकडीवर धूसर डाग पडतो, तो धुऊन जात नाही आणि सुईखाली सतत सूं ऐकू येते. आत पॉलिथिनची पिशवी वापरावी.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांचे हाल सर्वांत जास्त. त्यांची खोबणी रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. एलपीच्या सुईचे टोक २५च्या आसपास. ती बारीक सुई तळाच्या घाणीतून फरफटते, नुसती खरखर येते आणि ‘गेली रेकॉर्ड’ म्हणून चांगली तबकडी बाजूला पडते. कुणी ती स्पिरिटने पुसली, तर मात्र खरोखरच गेली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे ते द्रावण असेच बनवतात. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेने हलका हात आणि लेबल कोरडे, एवढे पुरे.

एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवणे म्हणजे हाव, असेही सरसकट म्हणता येत नाही. शेवटच्या खोबणीपाशी कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडी ज्या ठशावरून काढली त्याची खूण, पाहावा. तो वेगळा असेल तर ठसाही बहुधा वेगळा आणि कधीकधी ध्वनिमुद्रणच निराळे. क्रमांक तोच असेल तर दुसरी, तिसरी प्रत ऐकणाऱ्याच्या हाती द्यावी. हे नोंदवहीशिवाय जमत नाही. कलाकार, कंपनी, क्रमांक, अवस्था, कपाटातली जागा आणि शेवटी कधी वाजवली ती तारीख, एवढे रकाने हवेत.

पुढच्या वेळी एखाद्या संग्रहावर लिहिताना आपल्या प्रतिनिधीने तो शेवटचा रकाना पाहायला मागावा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक