धबधबा दिसला, नदी राहिली

महोदय,

रविवारच्या पुरवणीत नायगाऱ्यावर रकानाभर मजकूर आहे, पण ज्या नदीचा हा धबधबा, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. ही नदी जेमतेम ५८ किलोमीटरची. इथून, वडोदऱ्यातून, निघाली असती तर भरूच गाठण्याआधीच संपली असती. डोंगरात उगम नाही की समुद्राशी संगम नाही. ईरी सरोवरातून निघायचे आणि ऑन्टॅरिओत शिरायचे, तेही उत्तरेकडे वाहत. दोन्ही सरोवरांच्या पातळीत सुमारे ९९ मीटरचा फरक आहे. त्यातला निम्मा उतार ती धबधब्यावर एका उडीत उरकते. वरचा डोलोमाइट खडक टणक, खालचा शेल खडक ठिसूळ. पाणी खालचा थर पोखरते आणि वरचा कोसळतो. अशाने धबधबा सुमारे १२ हजार वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला आहे.

खरी गंमत सरोवरांची. सुपीरियर, मिशिगन आणि ह्युरॉनचे पाणी ईरीत जमून मगच नदीत उतरते. त्यामुळे प्रवाह वर्षभर बराचसा सारखा राहतो आणि गाळही बहुतेक वरच्या सरोवरांतच बसतो. आमच्या विश्वामित्री नदीचे सगळेच उलटे. पावागडाकडे पाऊस कोसळला, आजवा तलाव भरला, की शहरातल्या सयाजीगंजात जीव टांगणीला. ऑगस्ट २०२४चा पूर कोण विसरेल? आणि उन्हाळ्यात काळाघोड्याच्या पुलावरून वाकून पाहावे, तर मगर चटकन दिसते, वाहते पाणी मात्र शोधावे लागते!

पुढच्या वेळी लेखासोबत नकाशा जरूर छापा. छोटासाही चालेल.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा