किनारी रस्ता विकास, मग बस तोटा कशी?

संपादक महोदय,

मे २०२५ मध्ये मुंबई महापालिकेच्या ‘बेस्ट’ या बस उपक्रमाचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, तेव्हा उपक्रम तोट्यात असल्याचे कारण देण्यात आले आणि बहुतेकांनी ते मुकाट्याने स्वीकारले. महापालिकेनेच हजारो कोटी रुपये खर्चून बांधलेला १०.५८ किलोमीटरचा किनारी रस्ता मात्र तोट्यात आहे, असे कोणी म्हणत नाही. तिथे पथकर नाही, दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे, बसही मोजक्याच धावतात. म्हणजे सार्वजनिक पैशाचा हा लाभ मुख्यतः मोटारधारकांच्या पदरात पडतो. मोटारीसाठी केलेला खर्च विकास आणि बससाठी केलेला खर्च तोटा, हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

पैसा नाही, असेही नाही. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टच्या वाट्याला एक हजार कोटी, म्हणजे दीड टक्काही आला नाही. बेस्ट शहराच्या काही भागाला वीजही पुरवते, आणि पूर्वी त्या विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघे. तो आधार गेल्यावर ती जबाबदारी पालिकेने उचलायला हवी होती. त्याऐवजी स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्या, कंत्राटदाराला परवडेनासे झाले की, रस्त्यावरून नाहीशा होऊ लागल्या.

याची झळ कुणाला बसते, हे परळला संध्याकाळी बसथांब्यावर दिसते. रुग्णालयातून बाहेर पडलेले नातेवाईक एका हातात एक्स-रेचे पाकीट आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेऊन ताटकळतात. बस येते ती आधीच खच्चून भरलेली असते. ज्याला हप्ता झेपतो तो कंटाळून मोटार घेतो (त्याला दोष तरी कसा द्यावा?) आणि ती गल्लीत फुकट उभी करतो. दोन्ही कडांना अशा मोटारी लागल्या की उरलीसुरली बसही त्यांच्यात अडकते, आणि मग आणखी कुणीतरी मोटारीचा विचार करू लागतो.

रस्त्याकडेला मोटार उभी करण्याचे शुल्क सर्वत्र आकारून ते थेट बेस्टला द्यावे आणि अर्थसंकल्पात बसचा हिस्सा टक्केवारीने कायमचा ठरवावा. बसआगारांच्या जमिनी बांधकामासाठी देऊन पैसा उभारण्याचा मार्गही सोडावा. एकदा ती जागा गेली, तर उद्या नव्या गाड्या घेतल्या तरी त्या उभ्या करायला या शहरात जागा मिळणार नाही.

— एक बसप्रवासी, परळ, मुंबई