टेस्ट ड्राइव्ह की चौकापर्यंतची फेरी?

महोदय,
मी एसटीचा निवृत्त चालक. पुतण्याला दीडशेवर अश्वशक्तीची टर्बो गाडी घ्यायची म्हणून वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये सोबत गेलो. लायसन्सची झेरॉक्स घेतली, ‘नुकसान झाल्यास खर्च तुमचा’ अशा फॉर्मवर सही घेतली आणि छत्रपती चौकातून यू-टर्न मारून परत! डबलडेकर पुलाखालच्या त्या गर्दीत तिसरा गिअरही पडेना. अशा गाडीचे ब्रेक, टर्बोचा झटका कळणार कसा? ‘आधी बुकिंग करा, मग लांब नेऊ’ म्हणे. वा रे वा! पोरासोरांच्या हाती किल्ली नकोच, पण विम्याच्या अटी लेखी दाखवा, जाणता माणूस शेजारी बसवा आणि सकाळी लवकर मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेतच, दहा-पंधरा किलोमीटर चालवू द्या.

– एक निवृत्त एसटी चालक, मनीषनगर, नागपूर