मोडीवाल्या आजोबांना

आजोबा, सा. न. वि. वि.

"सर म्हणू नका" असं पहिल्याच दिवशी दटावलंत, म्हणून आजोबा.

आम्ही दोघी ओव्यांची वही घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा ती लाल फडक्यात होती आणि गाठीत लिंबू होतं. माझ्या मैत्रिणीच्या आजींची आणि घरच्यांची पक्की समजूत अशी, की पणजीच्या थोरल्या बहिणीला मासुंदा तळ्यातल्या आसरांनी नेलं, ओव्या तिच्या, आणि वही उघडेल त्याला पाण्याचं भय. आम्ही तर प्रकल्पाचं नावही ठरवून मोकळ्या झालो होतो, 'ठाण्याची अज्ञात कवयित्री'.

तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "आजी सांगतायत तर हळदकुंकू वाहा. पण वहीवर नको, डाग पडतात."

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, एवढं वर्गात शिकलो होतो. आमचं वाचन एका पानाच्या तळाशी येऊन थांबायचं: 'तळ्याकाठी आसरा'. अंगावर काटाच! तुम्ही पान खिडकीशी धरलंत नि म्हणालात, "ही दोन पानं आहेत." ओलीने चिकटलेली. बांबूची पातळ काडी सरकवत, मध्येच चहा घेत, तासाभरात ती सोडवलीत. पुढच्या पानाच्या माथ्यावर होतं, 'दिला मावशीने'.

आसरा म्हणजे अप्सरा आणि आसरा म्हणजे आश्रय. एवढ्यावरून तीन पिढ्या तळ्याला भ्यायल्या. (तलावपाळीवर कुल्फी खाताना माझी मैत्रीण पाठमोरी का उभी राहते, ते मला आत्ता कळलं.)

आम्ही उड्या मारत होतो, तर तुम्ही पुढे म्हणालात, "अक्षर कारकुनी वळणाचं आहे. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा असेल. आणि जात्यावरची ओवी दहा जणींच्या तोंडून फिरते. नाव लावायची घाई नको." खरं सांगते, तेव्हा राग आला होता. शीर्षक गेलं. १८९३ सालापासूनच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून अर्धा निबंध नव्याने लिहिला. आता नाव आहे 'तळ्याकाठची एक वही', आणि तोंडी परीक्षेत कुणी काही विचारलं तर आम्हाला ततपप करावं लागणार नाही.

आजींना दोन्ही पानं वाचून दाखवली. पहिला प्रश्न, "कुठली मावशी?" लिंबू त्यांनीच सोडलं. फडकं मात्र तेच आहे, आत तुम्ही दिलेला टिपकागद.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. गुरुवारी डबा आणतोय, तो घ्यावाच लागेल. आणि येताना मावशीबद्दलच्या उरलेल्या चार ओव्याही आणू.

दोघींचा नमस्कार.