ज्याच्यावाचून अडतं असा खलनायक

सोलापूर,
५ डिसेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून झालं. पूर्व भागातले बोळ, मागांचा आवाज, दारात विड्या वळणाऱ्या बाया हे सगळं छान उतरलंय, त्यावर सवडीने लिहीन. आज फक्त तुझ्या खलनायकाबद्दल, सुताचा व्यापारी भाऊशेठबद्दल. तूही तेच विचारलं होतंस: हा माणूस वाईट आहे हे पहिल्या पानापासून कळतं, मग त्याची भीती का वाटत नाही?

माझ्या मते कारण एकच आहे. तुझ्या कादंबरीत भाऊशेठवाचून कुणाचंच अडत नाही. तो उद्या मेला तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील आणि परवा माग पहिल्यासारखे सुरू होतील. अशा माणसाचा वाचकाला राग येतो, आणि नुसत्या रागावर तीनशे पानं निघत नाहीत. खलनायक मोठा होतो तो लोकांना त्याची गरज असते म्हणून. गावाला तो नकोही असतो आणि त्याच्याशिवाय चालतही नाही. या पेचातूनच भीती निर्माण होते.

कीचकाचंच बघ. विराटाचा मेहुणा आणि सेनापती. भर सभेत तो सैरंध्रीला, म्हणजे वेष पालटून राहिलेल्या द्रौपदीला, लाथ मारतो आणि राजा गप्प बसतो, कारण मत्स्यदेशाचं बळ त्या एका माणसावर उभं आहे. महाभारत तिथेच थांबत नाही. कीचक मेल्याचं कळताच त्रिगर्तांचा सुशर्मा आणि मागोमाग कौरव विराटाच्या गाई पळवायला चालून येतात. वध न्याय्य होता, आणि त्याची किंमत राज्यालाच मोजावी लागली. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचक नुसता राक्षस असता तर त्याच्यात कुणाला व्हाइसरॉय सापडला नसता. ज्याच्यापुढे अख्खा दरबार माना खाली घालतो असा अधिकारी लोकांच्या रोजच्या ओळखीचा होता.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला इयागो वरवर पाहता याच्या अगदी उलट. हातात सत्ता नाही, बढतीही दुसऱ्याला मिळालेली. पण नाटकातला प्रत्येक माणूस सल्ल्याला त्याच्याकडेच जातो. कॅसिओची नोकरी जाते, तो इयागोला विचारतो. रॉड्रिगो त्याच्या हाती पैसे देतो. ऑथेल्लो तर त्याच्याइतका प्रामाणिक माणूस नाही असंच धरून चालतो. आपल्याकडे देवलांनी १८९० मध्ये याच नाटकावरून ‘झुंझारराव’ केलं आणि ते इथे रुजलं, कारण असा सल्लागार आपल्या घरोघरी असतो. ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटीलही याच जातकुळीचा. दारुड्या मास्तरला आसरा तोच देतो, आणि मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न त्याच मास्तरच्या तोंडून त्याच्यामागे लागतो. याकडे शेवटी पुन्हा येतो.

आता तुझ्या भाऊशेठकडे वळू. लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घे आणि तीन रकाने आख. पहिल्यात कादंबरीतल्या दहा-बारा माणसांची नावं. दुसऱ्यात, भाऊशेठकडून त्याला काय मिळतं. तिसऱ्यात, ते उद्या बंद झालं तर किती दिवसांत त्याच्या घरात कळेल. हा तिसरा रकाना फार महत्त्वाचा. नरसय्याच्या आठ मागांच्या कारखान्याला सूत मिळालं नाही तर आठवड्याच्या आत माग थांबतील. त्याच्याकडच्या चार कामगारांना शनिवारी पगार मिळणार नाही. त्यातल्या एकाची बायको विड्यांच्या मजुरीवर घर किती दिवस ओढेल, हेही लिही. ज्याच्यापुढे दुसरा रकाना रिकामा राहील ते पात्र भाऊशेठच्या गोष्टीत नुसती गर्दी करतंय असं समज. तुझ्या मसुद्यात असे सात जण आहेत, आणि त्यांत तुझा नायक दत्ताही आहे. दत्ताने भाऊशेठकडून कधी काहीच घेतलेलं नाही, म्हणून त्याचं बंड फुकटचं वाटतं. त्याच्या बहिणीच्या लग्नात भाऊशेठने पैसे घातलेले असू देत, आणि बहीण आज सुखात असू दे. मग दत्ता त्याच्याविरुद्ध उभा राहील त्या दिवशी त्याची आईच त्याला विचारेल, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस का रे?" एवढं एक वाक्य दत्ताला पाच गुंडांपेक्षा जड जाईल.

भाऊशेठची पकड नेमकी कशी बसते हे तू "सावकारी" एवढ्या एका शब्दात उरकलं आहेस. तो शब्द काढ आणि तिथे हिशेब घाल. कादंबरीपुरते आकडे असे धर. नरसय्याला एक लाखाचं सूत लागतं. रोखीने घ्यायची त्याची ऐपत नाही. भाऊशेठ तेच सूत दोन महिन्यांच्या उधारीवर एक लाख चार हजाराला लावतो. त्यात पाचशे चादरी निघतात. त्या भाऊशेठच्याच गोदामात घालायच्या, बाजारभावापेक्षा नगामागे वीस रुपये कमी घेऊन. म्हणजे तिथे दहा हजार गेले. लाखामागे दोन महिन्यांत चौदा हजार, महिना शेकडा सात रुपये. पण वहीत व्याजाचा रकानाच नाही! सुताचा भाव आहे, चादरीचा भाव आहे, दोन्हीवर नरसय्याची राजीखुशीची सही आहे. भाऊशेठ स्वतःला सावकार समजत नाही आणि कुणी तसं म्हटलं तर त्याला मनापासून वाईट वाटतं. सूत महागलं तर नुकसान कोण सोसतो, सणानंतर चादरीला उठाव नसतो तेव्हा माल कुणाच्या गोदामात पडून राहतो, असं तो विचारेल, आणि त्याच्या या प्रश्नांना दत्ताकडे धड उत्तर नसावं. खलनायकाची बाजू लिहिताना ती खोडता येणार नाही अशीच लिहायची. आपल्याला खोडता येईल एवढीच बाजू त्याला दिली की तो बुजगावणं होतो.

चौथ्या प्रकरणातला दुकानाचा प्रसंग आता बघ. तू लिहिलंयस की नरसय्या हात जोडतो, भाऊशेठ ओरडतो, वही भिरकावतो, मिशीवरून हात फिरवतो. तोच प्रसंग असा लिहून पाहा.

नरसय्या पायरी चढतो. भाऊशेठ समोरची वही मिटतो, तेलुगूत त्याची विचारपूस करतो, चहा सांगतो. नरसय्याच्या मुलीचा, पद्माचा बारावीचा निकाल विचारतो, मार्क ऐकून दिवाणजींना हाक मारून सांगतो, "ऐकलं का, आपल्या पद्माला पंच्याऐंशी टक्के." नरसय्या विषय काढायच्या आतच पोऱ्याला म्हणतो, "बारा गोण्या चढव यांच्या टेम्पोत." नरसय्या अडखळत मागच्या बाकीचं बोलू लागतो. "बाकी कुठं पळून चालली? आधी माग चालू राहू दे." टेम्पो सुरू झाल्यावर, आत्ताच आठवल्यासारखं: "चादरी मात्र आपल्याच गोदामाला, हं."

यात वाईट असं एकही वाक्य नाही. मागण्याची लाज त्याने नरसय्यावर येऊ दिली नाही, म्हणून नरसय्या आयुष्यभर त्याचा मिंधा. अट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात आली, म्हणून तिच्यावर चर्चा झाली नाही. मुलीच्या मार्कांचं कौतुकही खरं आहे, ते खोटं करू नकोस. दुर्योधनाने रंगमंडपात कर्णाला जागच्या जागी अंगदेशाचा राजा केलं. त्यात त्याचा स्वार्थ होता आणि तरीही ते औदार्य खोटं नव्हतं. सगळे कर्णाचं कुळ विचारत असताना मान देणारा तोच एक होता. कर्ण शेवटपर्यंत बांधला गेला तो त्या एका क्षणाने. वाचकालाही या पानावर भाऊशेठ आवडला पाहिजे. चौदा हजारांचा हिशेब इथे सांगू नकोस, तो साठ-सत्तर पानांनी येऊ दे. तेव्हा वाचक मागे उलटून हाच प्रसंग पुन्हा वाचेल.

बोलण्याबद्दल. तुझा भाऊशेठ छापील मराठी बोलतो, तेही लांबलचक. सोलापुरातला सुताचा व्यापारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन भाषांत बोलतो. नरसय्याशी तेलुगू, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, हमालाशी "काय करलालास बे" अशी इथली मराठी. ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणं हीच त्याची ताकद आहे, ती तू वापरलीच नाहीस. वाक्यं आखूड ठेव. धमकी कधीच नको, चौकशी पुरते. "आईचा गुडघा कसाय?" हे संपाच्या आदल्या रात्री दत्ताला विचारलं की पुरे. आणि नरसय्याला तो चारचौघांत नेहमी "तुम्ही" म्हणत आलाय, तर अख्ख्या कादंबरीत एकदाच, साधारण मध्यावर, "तू" म्हणू दे. त्यावर निवेदकाने काही टिप्पणी करू नये.

त्याला किती वेळा समोर आणायचं? तीनशे पानांत दहा-बारा प्रसंग भरपूर झाले. तू छत्तीस ठिकाणी आणलायस. बाकी ठिकाणी त्याचा परिणाम दिसू दे: बंद पडलेला माग, अचानक मिळालेली उधारी, रस्ता बदलून जाणारा शेजारी. आणि पहिल्या दोनशे पानांत तो निदान तीनदा जिंकला पाहिजे, दरवेळी वेगळ्या रीतीने आणि स्वतःच्या अकलेने. सातव्या प्रकरणात दत्ताची चिठ्ठी योगायोगाने त्याच्या हाती लागते, ते काढून टाक. योगायोगाने नायक अडचणीत आला तर वाचक खपवून घेतो, पण खलनायकाचं काम योगायोगाने झालं की त्याचा वचक गेलाच. तसंच त्याने स्वतःच्या माणसाला बडवण्याचा प्रसंग. दरारा दाखवायला तू तो घातलास, पण असं करणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी हमाल कामाला येत नाहीत, आणि भाऊशेठला हे तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं कळतं.

बालपणाचं प्रकरण पूर्ण गाळ, असं मी आग्रहाने म्हणतो. मिल बंद पडल्यावर बापाचे झालेले हाल, उपाशी रात्री, अपमान. पानं सुरेख आहेत, पण ती विसाव्या प्रकरणात येतात आणि तोवर जमवलेलं सगळं विस्कटतं. वाचकाला कारण मिळालं की त्याचा विचार थांबतो. इयागो सुरुवातीला दोन-तीन कारणं सांगतो, त्यातलं एकही पुरं पडत नाही, आणि शेवटी पकडल्यावर तो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असं जाहीर करतो. ते न बोलणं चारशे वर्षं लोकांना छळतंय. बापाचे हाल हवेच असतील तर एका ओळीत ठेव: भाऊशेठ कुणाच्याही घरी जेवायला गेला तरी ताटात काही टाकत नाही. बास. शेवटचं त्याचं भाषणही त्याच न्यायाने गाळ.

आता त्याचा पाडाव. तुझ्याकडे पोलीस येतात आणि एक गुप्त वही सापडते. ही वही आकाशातून पडते. खलनायक ज्या गोष्टीमुळे मोठा झाला तिच्यातूनच तो पडायला हवा. इयागोचं बिंग त्याची बायको एमिलिया फोडते. ज्या रुमालावरून तो ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरतो, तो तिनेच उचलून त्याला दिलेला असतो आणि ती तोंड उघडेल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. हिंदुरावाला प्रश्न विचारणारा त्याच्याच आसऱ्याला राहिलेला. तुझ्याकडे तर माणूस तयारच आहे! पद्मा. पंच्याऐंशी टक्के मिळवलेल्या पोरीच्या कॉलेजची फी भाऊशेठनेच भरावी, कौतुकाने. ती कॉमर्सला जावी. दुसऱ्या वर्षाला असताना बापाच्या सह्यांच्या पावत्या एका रात्री मांडून बसावी आणि लाखामागे चौदा हजार काढावेत. ज्या रकान्याला वहीत नावच नव्हतं, तो तिने आखावा. गुप्त काही नाही, सगळं उघड्यावर होतं, फक्त बेरीज कुणी केली नव्हती. आणि तिला हे येतं ते भाऊशेठच्या पैशाने शिकली म्हणून, हे तिलाही ठाऊक असावं. ती बापाला सांगते तो प्रसंग मला फार कठीण वाटतो. तिथे घाई करू नकोस.

शेवटच्या प्रकरणात दत्ताची सहकारी संस्था उभी राहते आणि गुलाल उधळला जातो. सुशर्मा आठवतोय ना? भाऊशेठ गेल्यानंतरच्या सोमवारी सूत कोण देणार? नव्या संस्थेला कुणी उधारी देत नाही, रोख मागतात. सभासदांचं भागभांडवल पहिल्या खरेदीत संपतं, आणि चादरी विकून पैसा हाती यायला दोन महिने. तो भार इतकी वर्षं भाऊशेठ उचलत होता. त्या दोन महिन्यांत तीन कारखानदार भाऊशेठच्या पुतण्याच्या दुकानाची पायरी चढतात. पुतण्या चहा सांगतो. नरसय्या चढतो की नाही हे तुलाच ठरवावं लागेल. मला विचारशील तर त्याने दुकानापर्यंत जावं, आणि पद्माने त्याला अडवू नये.

आधी चौथं प्रकरण आणि पद्माच्या हिशेबाची रात्र एवढं दोनच लिहून पाठव, बाकीला तोवर हात लावू नकोस. गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा चाटी गल्लीच्या बाजारात दोन दिवस नुसतं बसू. उधारीची बोलणी कशी होतात ते तुझ्या कानावर पडायला हवं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विजू